जुन्या बोटीचं इंजिन बंदच होत नाही: स्टॉप बटण, सोलेनॉइड आणि केबल कशी तपासायची

स्टॉप बटण दाबूनही डिझेल इंजिन धडधडतच राहिलं, की बहुतेक ठिकाणी आधी बटण बदललं जातं. नवं बटण चार दिवस चालतं आणि पुन्हा तेच. जुन्या बोटीत बटण हे एका लांब साखळीतली फक्त एक कडी असते. बॅटरी, फ्यूज, चावी, बटण, केबिनपासून इंजिनापर्यंतची पाच-सहा मीटर वायर, मधला सॉकेट, सोलेनॉइड (वीज मिळाली की दांडा ओढणारं चुंबक), त्याचा दांडा आणि शेवटी डिझेल पंपावरचा लिव्हर, यातली कुठलीही कडी निसटली तरी वर दिसणारं लक्षण एकच: बटण काम करत नाही.

इथली माहिती मुख्यतः कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या लाकडी आणि फायबरच्या मासेमारी बोटींत आत बसवलेल्या डिझेल इंजिनांसाठी आहे. ओबीएमवाल्यांसाठी (ओबीएम म्हणजे बोटीच्या बाहेर मागे लावायचं मशीन) शेवटी वेगळा भाग आहे. तिथे सगळं उलटं असतं, म्हणून इथल्या विजेच्या चाचण्या ओबीएमवर करू नका.

इंजिन आत्ता चालूच असेल तर

गियर न्यूट्रलला घ्या, रेस पूर्ण खाली आणा. मग इंजिन रूममध्ये उतरून डिझेल पंपावरचा स्टॉप लिव्हर हाताने ओढा आणि इंजिन पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेवा. मिको (आता बॉश) कंपनीच्या लाइन पंपावर हा लिव्हर गव्हर्नरच्या, म्हणजे वेग आवरणाऱ्या भागाच्या, बाजूला असतो. रेसचा लिव्हर वेगळा, स्टॉपचा वेगळा. गडबडीत चुकीचा ओढला तर इंजिन एकदम ओरडतं. म्हणून दोन्हींची ओळख बंदरात शांतपणे करून घ्या आणि स्टॉपच्या लिव्हरला लाल रंगाचा ठिपका द्या. उतरताना लुंगी, गळ्यातला टॉवेल, सैल बाही यातलं काही अंगावर नको, कारण पट्टा आणि पुली तिथेच असतात.

लिव्हर हलत नसेल तर डिझेलचा कॉक बंद करा. इंजिन लगेच थांबणार नाही, फिल्टर आणि पंपातलं डिझेल संपेपर्यंत चालेल. नंतर लाइनीत हवा शिरलेली असते, त्यामुळे पुन्हा सुरू करण्याआधी फिल्टरचा आणि पंपाचा स्क्रू ढिला करून हवा काढावी लागते.

इंजिन स्वतःहून पळू लागलं असेल, म्हणजे डिझेल बंद करूनही वेग चढतच असेल, तर ते कुठून तरी ऑइल ओढून जाळतंय. तिथे स्टॉप बटण आणि कॉक दोन्ही निरुपयोगी. हवा घेणारं तोंड जाड प्लायच्या तुकड्याने घट्ट झाका. हात लावू नका आणि कापड कोंबू नका, कापड आत खेचलं जातं.

बॅटरीचा मेन स्विच मात्र चालू इंजिनावर काढू नका. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे ते (खाली दिलेली तिसरी पद्धत सोडली तर) वीज तोडून थांबत नाही. उलट अल्टरनेटरचे डायोड उडतात. शिवाय ज्या बोटीत थांबवण्यासाठीच वीज लागते, तिथे मेन स्विच काढला की बटणही मेलं.

तीन पद्धतींपैकी तुमची कुठली

हे ठरवल्याशिवाय मीटर हातात घेऊ नका.

पहिली, साधी ओढ-केबल. अशोक लेलँडच्या सहा सिलिंडरवाल्या जुन्या बोटींत ही सर्रास दिसते. केबिनमध्ये मूठ, तिथून केबल थेट पंपाच्या लिव्हरला. विजेचा काही संबंध नाही.

दुसरी, वीज दिली की इंजिन थांबतं. बटण दाबलं की सोलेनॉइड लिव्हर ओढतो, सोडलं की स्प्रिंग त्याला परत नेते.

तिसरी, वीज आहे तोवर इंजिन चालतं. इंजिन चालू असताना सोलेनॉइड सतत वीज घेऊन लिव्हर ‘चालू’ बाजूला धरून ठेवतो, आणि वीज तुटली की स्प्रिंग इंजिन थांबवते.

ओळखायचं असं: इंजिन बंद असताना एकाने पंपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने चावी फिरवायची. चावी ‘ऑन’ला गेल्यावर, किंवा स्टार्टर मारताना, ‘टक’ होऊन दांडा हलला आणि चावी काढेपर्यंत तसाच राहिला, तर तिसरी पद्धत. चावीने काहीच झालं नाही आणि बटण दाबल्यावरच ‘टक’ झालं, तर दुसरी.

यातून एक गोष्ट लगेच कळते. इंजिन थांबतच नाही अशी तक्रार विजेच्या दोषामुळे येते ती दुसऱ्या पद्धतीत. तिसऱ्या पद्धतीत वायर तुटली तर उलट इंजिन भर समुद्रात आपोआप बंद पडतं आणि लोक डिझेल पंप खोलत बसतात.

मीटर काढण्याआधी पाच मिनिटं

चावी ‘ऑन’ आहे का बघा. बऱ्याच जुन्या पॅनेलांत स्टॉप बटणाला वीज चावीतूनच जाते. सवयीने आधी चावी बंद केली आणि मग बटण दाबलं तर काही होणार नाही, आणि दोष कुठेच नसतो. क्रम नेहमी आधी स्टॉप, मग चावी.

बटण टिचकी मारल्यासारखं दाबलं जात नाही ना? इंजिन पूर्ण थांबेपर्यंत धरावं लागतं, नाहीतर ते पुन्हा उचल खातं. पण १० ते १५ सेकंदांत थांबलं नाही तर सोडून द्या. या कॉइल थोड्या वेळासाठीच बनवलेल्या असतात, दाबून धरलं तर जळतात.

मग हाताने लिव्हर ओढून बघा. हाताने इंजिन थांबत असेल तर पंप ठीक, दोष अलीकडे. हातानेही थांबत नसेल तर पंपातला रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकला आहे किंवा लिव्हर आतल्या शाफ्टवर फिरतोय. ते पंपवाल्याचं काम, वायरिंगला हात लावू नका.

आणखी एक. केबिनमध्ये गॅस सिलिंडर असेल, तर बिल्जजवळ (बोटीच्या तळाच्या खोलगट जागेजवळ) ठिणगी पाडणारं काही करण्याआधी झाकणं उघडून हवा खेळू द्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर थेट तळाशी जाऊन बसतो.

केबल असेल तर

केबलचे दोष तीनच, आणि सगळे डोळ्यांना दिसतात.

सर्वांत जास्त वेळा सापडतो तो बाहेरच्या नळीचा. केबल म्हणजे आतली तार आणि बाहेरची नळी. मूठ ओढल्यावर तार सरकली पाहिजे आणि नळी जागच्या जागी राहिली पाहिजे. पंपाजवळचा क्लॅम्प ढिला झाला की नळीच तारेसोबत पुढे येते आणि लिव्हर अर्ध्यावर थांबतो. एकाला मूठ ओढायला सांगून पंपाजवळ बघा: नळी हलताना दिसली की निदान झालं. क्लॅम्प घट्ट करा, पण नळी चेपेल इतका नाही.

दुसरा दोष गंजाचा. पंपाकडचं टोक सोडवा आणि मूठ ओढून पाहा. तरीही जड जात असेल तर केबल अडकली आहे. वरचं टोक सोडून त्यावर जाड प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा नरसाळ्यासारखा बांधा, त्यात दोन-तीन चमचे पातळ ऑइल ओता, रात्रभर उभं ठेवा. खालून ऑइल टपकलं तर केबल वाचली. टपकलं नाही, किंवा तारेचे धागे सुटलेले दिसले, तर बदला. नवी केबल टाकताना वळणं मोठी ठेवा आणि सायलेन्सरपासून लांब न्या, आतलं प्लास्टिक उष्णतेने वितळतं.

तिसरा दोष उलट्या तक्रारीचा आहे. स्टार्टर जोरात फिरतो, इंजिन लागत नाही. मूठ पूर्ण आत ढकललेलीच नसते, किंवा लिव्हरची परतीची स्प्रिंग तुटलेली असते. दोन महिन्यांच्या मासेमारी बंदीनंतर, १ ऑगस्टच्या तोंडावर, हवा काढून काढून थकलेल्या खलाशांनी आधी हे बघावं.

वीजवाली पद्धत: खरी मारामारी इथे आहे

साहित्य थोडंच लागतं: मल्टिमीटर, हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब दोन वायरींसह, फ्यूज लावलेली जाड जंपर वायर, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर.

बल्ब कशाला? कारण नुसता मीटर फसवतो. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायरीचे सगळे धागे तुटून एकच उरला असेल, तरी बटण दाबल्यावर मीटर पूर्ण १२.६ व्होल्ट दाखवेल. ओढणारा सोलेनॉइड मात्र १२ व्होल्टवर पहिल्या झटक्याला साधारण ३० ते ६० अँपिअर मागतो. तो एक धागा ते देऊ शकत नाही.

हिशोब करून बघा. केबिन ते इंजिन पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा. १.५ चौ. मि.मी. तांब्याच्या दहा मीटर वायरीचा रोध साधारण ०.१२ ओहम. त्यातून ४० अँपिअर न्यायचे तर वायरीतच पावणेपाच व्होल्ट खर्च. सोलेनॉइडला उरतात आठ. हे नव्या, चकचकीत वायरीचं गणित आहे. खाऱ्या हवेत वीस वर्षं काढलेल्या वायरीचं काय होत असेल ते बघाच.

आता क्रमाने. हे सगळं इंजिन बंद ठेवून, चावी ‘ऑन’ करून करायचं, आणि बटण दर वेळी दोन-तीन सेकंदच दाबायचं. २४ व्होल्टची बोट असेल तर पुढचे बॅटरीचे आकडे दुप्पट धरा आणि बल्बही २४ व्होल्टचा घ्या.

१. बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा. थोडा वेळ स्वस्थ असलेली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा.

२. सोलेनॉइडची वायर काढून तिथे बल्ब लावा, दुसरं टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूला. बटण दाबा. झगझगीत पेटला तर बटणापासून इथवरचा रस्ता निदान बरा आहे. मिणमिणता पेटला तर वाटेत कुठेतरी गंज आहे. पेटलाच नाही तर फ्यूज, चावी किंवा तुटलेली वायर.

३. वायर परत सोलेनॉइडला जोडा. मीटरचा लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावर, काळा सोलेनॉइडच्या वायरीच्या टोकावर, आणि बटण दाबा. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवताहेत. अर्ध्या व्होल्टपर्यंत उत्तम, एकपर्यंत चालतं, दोनच्या वर गेला तर तोच दोष. आता काळा प्रोब एकेक सांधा मागे न्या: सॉकेटच्या पलीकडे, अलीकडे, बटणाच्या एका टोकावर, दुसऱ्या टोकावर. आकडा ज्या सांध्यावर एकदम पडतो, तो सांधा दोषी. चांगल्या बटणाच्या दोन टोकांमध्ये दाबल्यावर ०.२ व्होल्टच्या वर फरक नको.

४. अर्थिंग विसरू नका. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, लाल सोलेनॉइडच्या बॉडीवर, बटण दाबा. ०.३ व्होल्टच्या वर दाखवलं तर ब्रॅकेटखाली रंग किंवा गंज आहे. दर वर्षी इंजिन रंगवणाऱ्या बोटींत हा दोष हमखास असतो: बोल्टखाली रंगाचे पाच थर. खरवडून धातू उघडा करा, किंवा वेगळी निगेटिव्ह वायरच ओढा.

५. सोलेनॉइडला बॅटरीवरून जंपरने थेट वीज द्या, एक सेकंद. जोरात ‘टक’ झालं तर सोलेनॉइड जिवंत. काहीच नाही झालं तर दांडा हाताने हलतो का बघा. हलत असेल तर कॉइल जळाली.

सॉकेटबद्दल थोडं जास्त. इंजिनाच्या मागच्या अंगाला वायरींचा जो मोठा सॉकेट असतो, तो उघडला की पितळी पिनांवर हिरवा कळंक दिसतो. नुसतं काढून घातल्याने महिनाभर चालतं, पुन्हा बंद पडतं. क्लीनर मारून पिना घासा, ढिल्या बाजूच्या किंचित चिमटा. स्टॉपची वायर तर सॉकेटातून काढून सरळ स्वतंत्र न्यावी हे बरं. वायर कापल्यावर आतलं तांबं काळं पडलेलं दिसलं, तर लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तांब्यावर लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) कधीच नीट बसत नाही. काचेच्या फ्यूजचंही तेच, तार शाबूत दिसते पण टोकांच्या टोप्यांत गंज असतो.

सोलेनॉइडचा दांडा

रबरी बूट फाटला की डेकवरून ठिबकणारं पाणी दांड्यावर बसतं, मीठ साठतं. बंदीच्या काळात बोट वर ओढलेली असते, दोन महिने हालचाल नाही, दांडा जागच्या जागी जाम. सोडवा, पुसा, रॉकेल किंवा डिझेलने धुवा, कोरडा करा. पॉलिश पेपर हलक्या हाताने. आत ग्रीस भरू नका: ते धूळ धरतं, घट्ट होतं आणि पुढच्या वर्षी तेच जाम करतं. नवा बूट मात्र घाला, नाहीतर केलेलं सगळं वाया.

आता जोडणीची लांबी. जळालेल्या सोलेनॉइडमागे फार वेळा हीच असते, आणि फार कमी लोक ती बघतात. बऱ्याच सोलेनॉइडांत दोन कॉइल असतात: एक जोरात ओढणारी, एक नुसती धरून ठेवणारी. धरणारीला एखाद अँपिअर पुरतो. दांडा पूर्ण आत टेकला की आतला छोटा स्विच ओढणारी कॉइल तोडतो. पण लिव्हर आधीच आपल्या स्टॉपरला जाऊन टेकला आणि दांड्याला मिलिमीटरभर जागा उरली, तर तो स्विच तुटतच नाही. ओढणारी कॉइल चालू राहते आणि मिनिटाभरात वितळते. नवा सोलेनॉइड आणतात, त्याच लांबीवर बसवतात, तोही जातो.

म्हणून: हाताने दांडा पूर्ण आत दाबा. तो तळाला टेकला पाहिजे, आणि त्याच वेळी लिव्हर त्याच्या स्टॉपरपासून जेमतेम १ मि.मी. अलीकडे असला पाहिजे. मग इंजिन चालू करून दांडा हाताने तसाच आत दाबून तपासा, इंजिन खरंच थांबतं ना. जोडणीच्या आट्यांवर दोन नट असतात, एकाने लांबी ठरवा, दुसऱ्याने कुलूप लावा.

तीन वायरींच्या सोलेनॉइडांत आतला स्विच नसतो. ओढणाऱ्या कॉइलची वीज स्टार्टरच्या वायरीतून रिलेमार्फत (थोड्या विजेवर चालून मोठी वीज जोडणारा स्विच) येते. तिथे स्टार्टर सलग मारत राहिल्याने कॉइल तापते. इंजिन लागत नसेल तर मध्ये थांबा.

गार असताना थांबतं, तापल्यावर थांबत नाही, अशी तक्रार असेल तर ती खोटी समजू नका. ३० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की तांब्याचा रोध जवळजवळ पावपट वाढतो. आधीच आठ-नऊ व्होल्टवर कसाबसा ओढणारा सोलेनॉइड मग हार मानतो. त्यामुळे दुरुस्ती झाली की नाही हे गरम इंजिनावरच ठरवा.

कायमचा उपाय: इंजिनाजवळ रिले

बटणातून ४० अँपिअर नेणं हीच मूळ चूक. बटणाने फक्त रिले चालवावा, जोराचं काम रिलेने करावं. रिलेची कॉइल १२ व्होल्टवर ०.२ अँपिअरच्याही आत भागते. त्यासाठी जुनी केबिनची वायर, थोडी थकलेली असली तरी, पुरते.

रिले ७० अँपिअरचा घ्या. ४० वाला चालतो, पण त्याचे कॉन्टॅक्ट लवकर चिकटतात, आणि चिकटले की दुसऱ्या पद्धतीत सोलेनॉइड सतत ओढत राहून जळतो. बटणाची वायर ८६ ला, ८५ निगेटिव्हला. बॅटरीचा पॉझिटिव्ह ३० ला, ८७ मधून सोलेनॉइडला. या दोन वायरी ६ चौ. मि.मी. टिन केलेल्या तांब्याच्या, जमेल तितक्या आखूड. एकूण तीन मीटर धरली तर ४० अँपिअरला तूट साधारण ०.३५ व्होल्ट, कुठे पावणेपाच आणि कुठे हे. बॅटरीच्या टोकाजवळ ४० अँपिअरचा फ्यूज. सोलेनॉइडच्या दोन टोकांमध्ये १एन५४०८ डायोड, पट्टी असलेलं टोक पॉझिटिव्हकडे. त्याने कॉन्टॅक्टवरची ठिणगी मरते. डायोड उलटा लागला तर पहिल्याच दाबण्यात फ्यूज जाईल.

रिले बिल्जच्या वर, पिना खाली करून लावा म्हणजे पाणी आत साठत नाही. लगांवर गोंदवाली उष्णतेने आकसणारी नळी. साधी काळी टेप समुद्रावर एक मोसमही धड टिकत नाही.

रिले बसवला तरी हाताची केबल काढून टाकू नका. बॅटरी बसली की बटण बसलं.

ओबीएमचं उलटं गणित

पेट्रोल ओबीएममध्ये स्टॉप स्विच वीज देत नाही; तो इग्निशनच्या युनिटची वायर इंजिनाच्या बॉडीला टेकवतो आणि ठिणगी मरते. त्या वायरीला बॅटरीचे १२ व्होल्ट चुकूनही देऊ नका, युनिट जळेल. यामाहात ही वायर पांढरी, तोहात्सूत तपकिरी, मर्क्युरीत काळी-पिवळी असते.

स्विच इंजिनापासून सोडवून मीटर कंटिन्यूइटीवर लावा. चालवणाऱ्याच्या अंगाला बांधायच्या लाल दोरीची क्लिप लावलेली असताना दोन वायरींमध्ये जोड नको, क्लिप ओढली की शून्याजवळ यायला हवा. क्लिप लावूनही काही हजार ओहम दाखवत असेल, तर आत खारा ओलावा आहे. असं मशीन लागायला त्रास देतं, मधूनच अडखळतं, आणि प्लग बदलून फरक पडत नाही.

ठिणगीच नसेल तर स्टॉपची वायर इंजिनापाशी सोडून स्टार्टरची दोरी मारून बघा. ठिणगी आली तर स्विच किंवा त्याची वायर टेकलेली आहे. पण तसंच सोडून समुद्रात जाऊ नका. वायर सुटलेली असताना मशीन थांबवण्यासाठी फक्त पेट्रोलची नळी काढणं किंवा चोक ओढणं हाच मार्ग उरतो, आणि माणूस पाण्यात पडला तर लाल दोरी असून नसल्यासारखी.